थंडीची पेटी

गेल्या वैशाखात डोंबिवलीस आमच्या बिऱ्हाडी एक पांढरी पेटी आली. दुकानदार तिला ‘चेस्ट फ्रीझर’ म्हणत होता. दोन जिने चढवताना चौघा हमालांनी तिला जी विशेषणे लावली ती येथे देण्यासारखी नाहीत. आणि घरातील मंडळींनी दुसऱ्याच दिवशी तिचे ‘कोठी’ असे नामकरण करून टाकले. आम्ही स्वतः या खरेदीस अनुकूल नव्हतो. थंडीचे उभे कपाट घरात असता या आडव्या पेटीची गरज काय, अशी आमची शंका होती व ती आम्ही मांडलीही. परंतु आमरस, मटार आणि खवलेला नारळ यांच्या बाबतीत इतिहासाच्या अध्यापकाचे मत विचारात घेण्याची वहिवाट आमच्या घरी नाही. पेटी आली, भिंतीशी लागली, आणि तिच्याबरोबरची सूचनापुस्तिका वाचण्याचे काम तेवढे आमच्या वाट्यास आले. ती वाचता वाचता आमच्या ध्यानात आले की, या रुक्ष पुस्तिकेतील जवळजवळ प्रत्येक सूचनेमागे शंभर-दोनशे वर्षांची हकीकत उभी आहे, आणि त्या हकीकतीचा बराचसा भाग मुंबईच्या कोटापासून कल्याणच्या खाडीपर्यंतच्या आमच्याच टापूत घडलेला आहे.

आरंभीच एका गैरसमजाचा निरास केलेला बरा. हे यंत्र थंडी उत्पन्न करते असे आपण बोलतो, पण थंडी म्हणून काही निराळी वस्तू नाही. पेटीतील उष्णता बाहेर काढून स्वयंपाकघरात टाकणे एवढेच यंत्राचे काम. पेटीच्या अंगाला हात लावून पाहावा, म्हणजे आतून उपसलेली उष्णता बाहेर कशी पडत आहे ते कळते. यंत्र हे हमाल आहे. त्याने बाहेर नेलेले ओझे पुन्हा आत शिरू न देणे ही खरी कामगिरी, आणि ती जाड भिंतींची व घट्ट झाकणाची आहे. म्हणून घरोघरच्या थंडीचा इतिहास हा ती निर्माण करण्यापेक्षा ती राखण्याचा इतिहास आहे, असे आमचे मत झाले आहे. आणि आमच्या या दमट किनाऱ्यावर तर ती नेहमी कोणाकडून तरी उसनीच आणावी लागलेली आहे.

उत्तर हिंदुस्थानची गोष्ट निराळी होती. अबुल फज़लने ‘आइन-इ-अकबरी’त पाणी गार करण्यासाठी सोऱ्याचा उपयोग कसा करीत ते सांगितले आहे, आणि १५८६ मध्ये दरबार पंजाबात गेल्यावर डोंगरांतील बर्फ लाहोरास येऊ लागले याचीही नोंद केली आहे. अलाहाबादेकडे हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवून त्यावर पहाटेपर्यंत बर्फाची पापडी जमविण्याची कला लोकांस अवगत होती. सर रॉबर्ट बार्कर याने तिचे वर्णन १७७५ मध्ये लंडनच्या विद्वत्सभेपुढे ठेवले. परंतु कोकणच्या रात्रीस एवढी करामत साधत नाही. ठाणे-कल्याणच्या हवेत इतकी वाफ असते की पौषातही परळातील पाणी पाणीच राहते. आमच्याकडे गारवा म्हणजे माठ, रांजण आणि वाळ्याचा पडदा. त्यापलीकडचा गारवा हवा असेल तर तो आणावयाचा नसून त्याच्याकडे आपण चढून जावयाचे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० मध्ये माथेरानचा डोंगर चढून गेले आणि त्यांनी ती जागा गोऱ्या लोकांच्या उन्हाळ्याकरिता मोकळी केली, त्याचे कारणही हेच.

तथापि मॅलेटसाहेब डोंगर चढत होते तेव्हा मुंबईच्या कोटात बर्फ मिळू लागून बरीच वर्षे लोटली होती, आणि ते बर्फ येत होते अमेरिकेतून! बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी आपल्या मुलखातील गोठलेल्या तळ्यांचे बर्फ करवतीने कापून जहाजांत भरीत असे. १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले व चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कलकत्त्यास पोहोचले. तेव्हाही त्यातले शंभर टनांच्या आसपास शिल्लक होते. पुढच्याच सुमारास मुंबईसही हा माल आला. जमशेटजी जिजीभाई – ते अद्याप ‘सर’ झाले नव्हते – यांनी आपल्या पाहुण्यांस मेजवानीत आइसक्रीम दिले व त्यामुळे यजमान-पाहुण्यांस सर्दी झाली, अशी गंमतीची आठवण मुंबईच्या जुन्या हकीकतींत सांगितली जाते. १८४३ मध्ये कोटात सेंट अँड्र्यूज या स्कॉच देवळाशेजारी घुमटाचे एक बर्फघर उभे राहिले. मद्रासेचे बर्फघर समुद्रकाठी आजही उभे आहे. शिकागोहून परतल्यावर १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे उतरले होते म्हणून त्यास आता त्यांचेच नाव आहे. मुंबईचे मात्र राहिले नाही.

या व्यापाराचे मर्म कशात होते? बर्फ तर फुकट होते. तळ्याचे पाणी हिवाळ्यात कोणाचीही परवानगी न घेता गोठते. ट्यूडरने विकली ती राखणीची विद्या. बर्फाचे चिरे एकमेकांस अगदी भिडवून रचावे, मध्ये हवेस जागा ठेवू नये. भोवती लाकडाच्या भुशाचा जाड थर द्यावा. वितळलेले पाणी साचू न देता खालून काढून द्यावे. आणि कोठार शक्य तितके कमी वेळा उघडावे. आता आमच्या पुस्तिकेतील वाक्ये पाहा. पेटी भरलेली ठेवावी, कारण भरलेली पेटी रिकाम्या पेटीपेक्षा थंडी अधिक काळ धरते. भिंतींत फेसाळ द्रव्याचा जाड थर आहे, त्यास भोक पाडू नये. तळाशी पाणी काढून देण्याचे बूच आहे. झाकण वारंवार उघडू नये. भुशाच्या जागी फेस आला, एवढाच काय तो भेद! थोरो या अमेरिकन ग्रंथकाराच्या ‘वॉल्डन’मध्ये तेथल्या तळ्याचे बर्फ मुंबई-कलकत्त्याच्या लोकांपर्यंत पोहोचते याचा उल्लेख आहे, त्यास त्यात पूर्व-पश्चिमेच्या मीलनाचे काव्य दिसले. आम्हांस मात्र त्यात भुसा दिसतो.

योगायोग असा की, मुंबईस हे परदेशी बर्फ येऊ लागले त्याच सुमारास, १८३४ मध्ये, जेकब पर्किन्स याने लंडनास एका यंत्राचे पेटंट घेतले. पटकन उडून जाणारा द्रव पदार्थ वाफ होताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. ती वाफ दाबून पुन्हा द्रव करावी व तोच फेरा चालू ठेवावा. आमच्या पेटीच्या पोटात रात्रंदिवस घुमणारे यंत्र त्याच फेऱ्यावर चालते. ही युक्ती कारखान्यांत रुळावयास चाळीसएक वर्षे लागली; पण ती रुळल्यावर ट्यूडरच्या जहाजांचे काम राहिले नाही. १८७० नंतरच्या दशकात हिंदुस्थानात बर्फाचे कारखाने निघू लागले आणि अमेरिकन तळ्यांशी असलेला आपला संबंध तुटला.

कारखान्याचे बर्फ आम्ही पाहिले ते लादीच्या रूपाने. आमचे बालपण कल्याणास पारनाक्याजवळच्या एका वाड्यात गेले. वैशाखाच्या एखाद्या संध्याकाळी पॉटचे आइसक्रीम करण्याचा बेत ठरला की आम्हां मुलांपैकी दोघे गोणपाट घेऊन बर्फवाल्याकडे धावत. तो भुशातून लादी उकरून काढी, टोच्याने तिचा हवा तेवढा तुकडा पाडी, आणि मग ते थेंब-थेंब गळणारे ओझे घेऊन वाड्याकडे जी दौड होई तिचा थरार पुढे कोणत्याही शर्यतीत आम्हांस लाभला नाही. घरी मोठी माणसे लाकडी पिंपात बर्फाचा चुरा व जाडे मीठ घालीत आणि आम्ही पाळीपाळीने दांडा फिरवीत असू. मीठ कशाला, या प्रश्नास वाड्यात कोणीही समाधानकारक उत्तर देऊ शकले नाही. मिठाने बर्फ शून्य अंशाखालीही वितळू लागते, आणि वितळण्यास लागणारी उष्णता ते दुधाच्या भांड्यातून ओढून घेते, हे आम्हांस पुढे शाळेत कळले. परंतु तोपर्यंत दांडा फिरविण्यातील श्रद्धेचा भाग निघून गेला होता.

येथपर्यंत थंडी ही चैनीची वस्तू होती. ती अन्न राखण्यासाठी आहे ही कल्पना मध्यमवर्गीय मराठी घरात फार उशिरा शिरली, आणि शिरताना तिला एका जुन्या दैवताशी झगडावे लागले. ते दैवत म्हणजे ताजेपणा. शिजवून प्रहर उलटलेले अन्न गीतेच्या सतराव्या अध्यायात तामसांच्या आवडीचे म्हणून सांगितले आहे. रात्रीचे उरलेले सकाळी खाणे हे गरिबीचे वा आळसाचे लक्षण समजले जाई. ‘शिळे’ हा शब्दच आपण शिवीसारखा उच्चारतो. स्मृतिकार व्यवहारी होते. तुपातेलात केलेल्या पदार्थांस त्यांनी या नियमातून सूट दिली, आणि प्रवासाच्या दशम्या व लाडू यांची सोय झाली. आणखी एक सूट श्रावणात मिळते. शीतला सप्तमीस चूल पेटवावयाची नाही, आदल्या दिवशी केलेलेच खावयाचे. त्या देवीचे नाव शीतला आणि त्या दिवसास लोकांच्या तोंडी नाव पडले शिळासप्तमी! शीत आणि शिळे यांची ही जवळीक आमच्या भाषेने यंत्र येण्याच्या कितीतरी आधी ओळखली होती.

मात्र शिजवलेले टिकवू नये असे मानणाऱ्या याच घरांनी न शिजवलेले टिकविण्याची विद्या पराकोटीस नेली होती. चैत्र-वैशाखात गच्च्यांवर पसरलेल्या कुरडया, सांडगे व पापड, माळ्यावरच्या बरण्यांतील लोणची व मुरंबे, आमसुले, फणसपोळी व आंबापोळी, आणि चेंदणीच्या किंवा कोणत्याही कोळीवाड्यातील वलांडीवर वाळणारे बोंबील – या सर्वांचे तत्त्व एकच आहे. अन्न नासविणाऱ्या सूक्ष्म जिवांस पाणी लागते. ते पाणी उन्हाने काढून घ्यावे, नाही तर मिठाने वा साखरेने बांधून टाकावे. आमची पेटीही दुसरे काय करते? ती पाणी काढीत नाही, मीठही घालीत नाही. ती त्याचा दगड करते. उणे अठरा अंशांवर पाणी अन्नातच असते, पण त्या जिवांच्या उपयोगाचे राहत नाही. ते मरत नाहीत, निजतात. पदार्थ वितळताच ते पुन्हा जागे होतात, म्हणून एकदा पुरता वितळून कोमट झालेला पदार्थ परत गोठवू नये. ही सूचना आमच्या घरात सर्वांत जास्त वेळा मोडली जाते, हेही येथे कबूल करतो.

वाळवणास ऊन पुरे. पेटीस वीज हवी. विजेचा इतिहास पाहू लागलो म्हणजे आमच्या ठाणे-कल्याणच्या टापूचे नशीब मोठे चमत्कारिक वाटते. १९१५ मध्ये टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेले पाणी खोपोलीस उतरवून वीज निर्माण केली, आणि ती निघाली मुंबईच्या गिरण्यांकडे. १९२९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने डोंबिवली व कल्याण यांच्यामध्ये, ठाकुर्लीस, चोळे गावच्या हद्दीत कोळशावर चालणारे वीजघर उभारले; त्यातून घाटातील आगगाड्या ओढल्या जाऊ लागल्या. म्हणजे डोंगराची वीज आमच्या बाजूने गेली, कोळशाची वीज आमच्या उशाशी तयार झाली, आणि घराघरांतून लोक कंदिलाची काच पुसत राहिले. ते वीजघर पुढे बंद पडले. लहानपणी आगगाडीच्या खिडकीतून त्याचे धुरांडे दिसले की आमचे वडील म्हणत, “कल्याण आले, उठा.” विजेची म्हणून त्याची ओळख आम्हांस कोणी करून दिली नाही.

स्वातंत्र्यानंतर मात्र थंडीची यंत्रे घडविण्याचे काम याच बाजूस आले. गोदरेज कंपनीने विक्रोळीस १९५८ मध्ये देशात घडविलेले पहिले थंडीचे कपाट तयार केले. ठाण्याच्या पोखरण रस्त्यास १९५४ मध्ये स्थापन झालेल्या व्होल्टासचा कारखाना आला, ब्ल्यू स्टारचाही आला. कित्येक वर्षे सकाळच्या लोकलने ठाण्यास उतरणाऱ्या लोकांत हिंदुस्थानास गार करणारे कितीतरी कामगार असत, आणि ते स्वतः ज्या खोल्यांत राहत तेथे माठच असे. आज त्या रस्त्यावर निवासी मनोरे उभे राहिले आहेत व प्रत्येक खिडकीखाली एकेक यंत्र उष्णता ओकत लटकलेले आहे.

१९७० नंतरच्या दशकात थंडीचे कपाट इमारतीत एखाद्याच घरी असे. त्याचा मालक कितीही भिडस्त असो, उन्हाळ्यात त्याच्या दारावर सारखी थाप पडावयाचीच. “आईने चार खडे बर्फ मागितलेय,” म्हणून वाटी घेऊन उभे राहिलेले पोर आमच्या पिढीतील प्रत्येकाने पाहिले आहे. बहुतेकांनी ते पोर होऊनही पाहिले आहे. कोणाला ताप चढला की कपाळावर ठेवण्यास बर्फ त्याच घरातून यावयाचे. कोणाचे इन्शुलिनही तेथेच, लोण्याच्या शेजारी. पुढे घरोघर कपाटे झाली आणि ती वाटी फिरावयाची थांबली.

आता पुन्हा पेटीकडे येऊ. अन्न मोठ्या प्रमाणावर गोठविण्याची कल्पना क्लॅरेन्स बर्ड्झाय या अमेरिकनाने रूढ केली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो लॅब्रडोरात असताना त्याने पाहिले की तेथील एस्किमो लोकांनी कडाक्याच्या वाऱ्यात पकडलेला मासा क्षणात गोठतो आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागतो. सावकाश गोठणाऱ्या पदार्थात बर्फाचे स्फटिक मोठाले होतात व त्याच्या पेशी फाडतात. झपाट्याने गोठविल्यास ते बारीक राहतात. बर्ड्झायने थंडगार धातूच्या पाट्यांमध्ये पातळ पुडकी दाबून ती गोठविण्याची रीत काढली, आणि १९३० च्या मार्चमध्ये स्प्रिंगफील्ड या गावच्या दुकानांतून असे अन्न विक्रीस आले.

ही हकीकत आम्हांस अगोदर ठाऊक असती तर आमचा वैशाखातला आमरस वाचला असता. झाले असे की, दुकानदाराच्या माणसाने पेटी टेकवताच तिची तार भिंतीत खोचली आणि “आता बिनधास्त भरा” असे सांगून तो चालता झाला. घरी तीन पेट्या हापूस पिकून तयार होते. संध्याकाळपर्यंत सर्व रस काढून पाच-पाच लिटरच्या उभ्या डब्यांत भरला आणि डबे आत ठेवले. तिसऱ्या दिवशी झाकण उघडले तो कडेचा रस खडीसारखा आणि मधला फसफसलेला. आमच्या वृद्ध मातोश्रींनी डब्यात एकदा डोकावून पाहिले व “आंबापोळी घातली असती तर उन्हाने तरी दगा दिला नसता,” एवढेच त्या म्हणाल्या.

पुस्तिका आम्ही वाचली ती त्यानंतर. विद्वानांची रीत अशीच असते. तीत लिहिले होते की प्रवासात यंत्रातील तेल इकडे तिकडे गेलेले असते, म्हणून पेटी जागेवर सरळ उभी करून काही तास स्वस्थ ठेवावी व मगच वीज जोडावी. ती सपाट जमिनीवर असावी, चुलीपासून व उन्हापासून दूर असावी, आणि तिच्या चोहोबाजूंस वीतभर मोकळी जागा असावी. कारण उपसलेली उष्णता जाणार कोठे? तिला स्वतःचे, भूमीशी जोडलेले, विजेचे घर असावे. आमच्याकडील विजेचा दाब वरखाली होत असल्यास मध्ये स्थिरकारी यंत्र बसवावे. प्रथम ती रिकामीच चालवून उणे अठरा अंशांपर्यंत उतरू द्यावी, आणि मग एका दिवसात तिच्या पोटाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच नवा माल घालावा. शून्य अंशावरील पाण्याचे बर्फ करताना जितकी उष्णता काढावी लागते तितक्या उष्णतेने तेच पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापले असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या मर्यादेचे कारण उमगते. आता आमच्या घरी रस चपट्या पिशव्यांत, बोटभर जाडीचा थापून, त्यावर तारीख घालून ठेवतात. बर्ड्झायचे नाव कोणी घेत नाही, पण रीत त्याची आहे.

पेटी आडवी का, या आमच्या मूळ शंकेचेही उत्तर मिळाले. थंड हवा जड असते. उभ्या कपाटाचे दार उघडले की ती पायांवर सांडते व तिच्या जागी आपली ओली कोकणी हवा आत शिरते. पेटीचे झाकण वर उचलले तर ती हंड्यातील पाण्यासारखी तळाशी बसून राहते. तरीही झाकणाच्या प्रत्येक उघडझापीबरोबर थोडी वाफ आत जातेच, आणि आषाढ-श्रावणात भिंतींवर तिची पांढरी साय चढू लागते. ती पाव इंचाची झाली की यंत्रास उगीच श्रम पडतात. मग गणपतीपूर्वी एखादा दिवस पेटी रिकामी करून, बूच काढून, ती आपोआप वितळू द्यावी. साय सुरीने खरवडू नये, असे पुस्तिका ठळक अक्षरांत बजावते. त्यालाही इतिहास आहे. १९२८ मध्ये टॉमस मिजली याने शोधलेला फ्रिऑन वायू न जळणारा, न वास येणारा म्हणून जगभर पसरला. १९७४ मध्ये मोलिना व रोलंड यांनी तो आकाशातील ओझोनचे कवच खातो असे दाखविले. १९८७ च्या माँट्रियल करारान्वये तो हद्दपार होऊ लागला व २००३ पासून हिंदुस्थानातही नव्या यंत्रांसाठी तो बंद झाला. आमच्या पेटीच्या नळ्यांत आता आयसोब्युटेन आहे. तो ओझोनास निरुपद्रवी, परंतु स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊबंद. नळीस सुरी लागली तर तो आपले कूळ दाखविल्यावाचून राहणार नाही.

अशीच एक पेटी शहापूर-मुरबाडकडील प्राथमिक आरोग्य केंद्रांत असते, आणि तिच्यापुढे आमच्या आमरसाने लाजावे. तीत लहान मुलांच्या लसी असतात. तिच्या भिंतींत पाण्याच्या नळ्या वा पिशव्या बसविलेल्या असून यंत्र चालू असता त्यांचे बर्फ होते. वीज गेली की ते बर्फ हळूहळू वितळत थंडी राखते. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी काम भागावे अशी तिची घडण आहे. तीत उणे अठरा नव्हे, तर दोन ते आठ अंश राखावे लागतात; कारण घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील त्रिगुणी लस एकदा गोठली तर निकामी होते. थंडी जितकी अधिक तितकी बरी ही समजूत तेथे घातक आहे. १८४३ च्या बर्फघराचे खरे वारसदार कोण, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही आमच्या कोठीकडे बोट न दाखविता त्या लसपेटीकडे दाखवू.

आणि वीज तर जातेच. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाचे वेळापत्रक डोंबिवलीकरांस लोकलच्या वेळापत्रकाइतके पाठ होते. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-बदलापूरकडे कित्येक घरांनी दिवसच्या दिवस अंधारात काढले. पण आम्हांस येथे सांगावयाचा आहे तो १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार. त्या सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा या वीजवाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबईसह ठाणे जिल्ह्याचा मोठा भाग एकदम बंद पडला. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. शंभर वर्षे आमच्या डोक्यावरून वीज मुंबईस जात आली. त्या दिवशी आमच्या अंगणातली वाहिनी पडली आणि मुंबईही बसली.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या एक वहिनी पुरणपोळ्या, मोदक करून विकतात. यजमानांची नोकरी त्या वर्षीच्या टाळेबंदीत गेली आणि जोडव्यवसाय म्हणून सुरू केलेले ते काम घराचा आधार झाले. दागिना मोडून त्यांनी ही असली पेटी घेतली होती. तो अधिक आश्विन होता. जावयास वाण देण्यासाठी पुरणाच्या धोंड्यांस मागणी जबर, आणि महिना संपावयास चार दिवस उरलेले. पेटी काठोकाठ भरलेली. वीज गेल्यावर तासाभराने त्या मुखपट्टी बांधून आमच्या दाराशी आल्या व म्हणाल्या, “भाऊजी, बर्फाची लादी कुठे मिळेल हो?” आम्ही बर्फवाल्याकडे फोन लावला, तो बंद. स्टेशनापर्यंत जाऊन आलो. दुकाने अर्धी मिटलेली. रिकाम्या हाताने परतलो तो आमच्या मातोश्री जिना उतरून त्यांच्या घरी जाऊन बसल्या होत्या. त्यांनी कपाटातील दोन जाड गोधड्या काढावयास लावून त्या पेटीवर पांघरल्या होत्या – यंत्राच्या बाजूची जाळी मात्र मोकळी ठेवून, वीज आली तर त्याने श्वास कोठून घ्यावा म्हणून – आणि झाकणाला हात लावील त्यास बोलणी खावी लागतील असे सांगून जपमाळ घेऊन शेजारी खुर्ची टाकली होती. त्यांस कोणी ट्यूडरचे नाव सांगितले नव्हते.

वहिनी दर अर्ध्या तासाने म्हणत, “आई, एकदा फक्त बघू?” आणि उत्तर येई, “बघून काय गार होणार आहे?”

आमच्या बाजूस वीज संध्याकाळी आली. यंत्र घुमू लागल्यावरही मातोश्रींनी तासभर झाकण उघडू दिले नाही. मग गोधड्या निघाल्या, झाकण वर गेले, आणि वहिनींनी एक पुडके काढून जमिनीवर टाकले; ते खडा पडावा तसे वाजले. खालचे सर्व शाबूत होते. त्या दिवशी सकाळीच ठेवलेली वरच्या थरातील दोन पुडकी तेवढी गोठलीच नव्हती. ती परत ठेवावयाची नाहीत, हे त्यांस आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्यांनी ते धोंडे लगेच वाफवले, आणि रात्री नऊच्या सुमारास त्यांची धाकटी मुलगी वाटीवर वाटी झाकून एकेका बिऱ्हाडाची कडी वाजवीत वर आली.